पोटावरची उशी

मित्रांनो, मी एक जुनी उशी आहे. पण माझ्यावर डोकं ठेवून आजवर कोणीही झोपलेलं नाही. माझी नेमणूक पोटावर होती.

डेन्मार्कमधल्या ऑर्हुस शहरातल्या एका नाटकगृहाने टाकून दिलेल्या पडद्यातून एल्सेबेथबाईंनी मला शिवलं, आपल्या नवऱ्यासाठी. त्याच पडद्यापुढे त्यांचा प्रेबेन नटांच्या रांगेत अगदी कडेला उभा राहून टाळ्या घ्यायचा. त्याच्या वाट्याला पोस्टमन, न्हावी, दुसऱ्या अंकातलं प्रेत अशी कामं येत. प्रेत तो फार मन लावून करी.

पुढे गुडघे कुरकुरू लागले, तेव्हा तो कार्टूनपटांना आवाज देऊ लागला. तिथला माईक इतका तिखट कानाचा, की पोटातली गुरगुरही टिपायचा. म्हणून प्रेबेन मला पोटाशी घट्ट धरून उभा राही. तो बेडूक झाला, चहाची किटली झाला आणि शेवटी म्हातारं अस्वल झाला. अस्वल मुलांचं भलतंच लाडकं. पावाच्या दुकानात मात्र त्याला कोणी ओळखत नसे.

"बरंच आहे," तो म्हणे, "अस्वलाला रांगेत कोण उभं राहू देईल?"

मग त्याच्या घशात गाठ निघाली. शस्त्रक्रियेनंतर आवाज राहणार नव्हता. अस्वलाचा एकच प्रसंग उरला होता: सगळं अन्न पिल्लांना देऊन ते उपाशीपोटी हिवाळ्याच्या झोपेला जातं.

त्या दिवशी त्याला पावाचा घासही गिळवेना. ध्वनिमुद्रण करणारी गुद्रुन काचेपलीकडून म्हणाली, "म्हातारबा, उशी धर. तुझं पोट माझ्या स्कूटरसारखं वाजतंय."

त्याने मला खुर्चीवर ठेवलं. "आज नको. अस्वल उपाशी आहे ना? मग बोलू दे की त्याच्या पोटाला."

"नंतर काढता येणार नाही हं तो आवाज."

"काढायचंय कोणाला!"

"झोपा रे पिल्लांनो, मी आहे," एवढं शेवटचं वाक्य झालं आणि त्या शांततेत पोट गुरगुरलं. लांब, केविलवाणं. गुद्रुनने ध्वनिमुद्रण थांबवलं नाही. ती स्वच्छ काच बाहीने पुसत राहिली.

चित्रपट लागला, तेव्हा प्रेबेन जगात नव्हता. एल्सेबेथबाई मला मांडीवर घेऊन थिएटरात बसल्या. ती गुरगुर ऐकून सगळी मुलं खदाखदा हसली. बाईंनी माझ्यात तोंड खुपसलं. त्यांचा आवाज मी बाहेर जाऊ दिला नाही. तेवढं काम मला येतं.

दिवे लागले. मुलं धावत बाहेर गेली आणि रिकाम्या खुर्च्यांसमोर त्याचं नाव बारीक अक्षरांत वर सरकत गेलं.

मित्रांनो, उशीला काय लागतं? अधूनमधून थोडं ऊन. पण माझं एवढं ऐका: चित्रपट संपला तरी नावं संपेपर्यंत बसा. ती काही फार वेळ थांबत नाहीत.