दोर सुटला म्हणे

खांबाच्या हातून दोर सुटला, यावर गावाचं एकमत होतं.

हायस्कूलच्या मैदानावर ते झालं तेव्हा निम्मं गाव तिथं हजर होतं, त्यामुळं सांगणाऱ्यांना तोटा नव्हता. कुणी म्हणालं, हाताला घाम आला असेल. कुणी म्हणालं, चक्कर आली असेल. बायको जाऊन अजून धड दोन महिने नाहीत, घरात चूल पेटते की नाही कुणास ठाऊक. त्याच्या पिठाच्या गिरणीत दळणाचा डबा ठेवताना बायका आवाज खाली आणून म्हणायच्या, "जिवाला लावून घेऊ नका, दादा. होतं असं." खांब मान हलवायचा, डब्यावर खडूनं खूण करायचा आणि पाठ फिरवायचा.

दोर सुटला नव्हता. त्यानं सोडला होता.

खांब हे काही त्याचं आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. पण या हायस्कूलमध्ये पाचवीत पाय ठेवला की घरचं नाव दप्तरातच राहतं. शाळा सुटली तरी टोपणनाव सुटत नाही. मुख्याध्यापिका याच शाळेच्या, आणि मागच्या बाकावरची त्यांची जुनी मंडळी त्यांना अजून 'शाई' म्हणतात, अर्थात त्या खोलीबाहेर गेल्यावर. खांबाला त्याचं नाव रस्सीखेचीनं दिलं.

ती रस्सीखेच शाळेइतकीच जुनी. शाळा भरायला लागली ती एका बंद पडलेल्या लाकडाच्या वखारीत. हॉल बांधायला काढला तेव्हा पहिल्या हेडमास्तरांकडं भिंती होत्या, छपराची तुळई होती, पण तुळई वर चढवायला काही नव्हतं. मग शिक्षक, पालक, वरच्या वर्गातली पोरं-पोरी, सगळ्यांनी दोराला हात लावला. तुळई अर्ध्यावर जाऊन अडकली. वर गवंडी पाचर ठोकेपर्यंत सगळे दोराला लटकून राहिले. तळवे सोलले. गणिताच्या सरांची पँट मागून उसवली आणि ते तसेच उभे राहिले. पण कुणी हात काढला नाही. पाचवीतल्या पोरांना पहिल्याच दिवशी हॉलमध्ये बसवून ही गोष्ट सांगतात आणि वर बोट करून तुळई दाखवतात.

तेव्हापासून शाळेच्या वाढदिवसाला मैदानावर रस्सीखेच होते, एका बाजूला माजी विद्यार्थी, दुसऱ्या बाजूला शाळेतले. दोर तोच आहे, असं शिपाई छातीठोकपणे सांगतो. फक्त दोनदा बदललाय, हेही सांगतो.

माजी विद्यार्थ्यांच्या बाजूला शेवटचा माणूस खांब. शेवटच्या माणसानं दोर काखेखालून घेऊन पाठीवरून खांद्यावर टाकायचा, टाचा मातीत रोवायच्या आणि हलायचं नाही. पुढचे ओढतात, तो धरतो. पोती उचलून उचलून त्याचं अंग तसं झालेलंच होतं. त्याच्या बाजूनं ताल धरून ओरडायला त्याची बायको असायची. तिचं शाळेतलं नाव भोंगा. ती मैदानाच्या कडेनं पुढंमागं करत ओरडायची, "कंबर लावा, कंबर. हात नंतर." सगळे थकले, की ती थेट नवऱ्याकडं वळायची. "खांबा, घरी जेवायचंय ना?" मैदान हसायचं, खांब दात आवळायचा, आणि दोर इंचाइंचानं त्यांच्याकडं यायचा.

या वर्षी खांब जाणार नव्हता. सलूनवाला घरी येऊन बसला. तो दोघांच्याही वर्गातला. "चल रे," तो म्हणाला. "तू नसलास तर आम्ही पोरांसमोर पालथे पडू. आणि तिला आवडलं असतं का, तू इथं भिंतीकडं बघत बसलेलं?" खांब गेला. दोर खांद्यावर घेतला. समोर दुसऱ्या टोकाला पोस्टमनची मुलगी होती, दहावीतली, उंच, आडव्या हाडाची, शाळेच्या व्हॉलीबॉल संघाची कप्तान. मुलांच्या संघात शेवटी मुलगी उभी राहण्याची ही पहिलीच वेळ. तिनं खांबाकडं बघून भुवया उडवल्या. त्याला बरं वाटलं.

शिट्टी झाली. बराच वेळ दोर जागचा हलला नाही. आणि मग सलूनवाला ओळीतून बाहेर पडला, मैदानाच्या कडेला गेला आणि भोंग्याच्या आवाजात ओरडला, "कंबर लावा, कंबर. हात नंतर." अगदी तिच्यासारखं. टाळ्या पडल्या. काही बायकांनी डोळे पुसले. सलूनवाल्याला चेव आला. त्यानं कमरेवर हात ठेवले, मान तिच्यासारखी तिरकी केली आणि म्हणाला, "खांबा, घरी जेवायचंय ना?"

सगळं मैदान हसलं. दरवर्षी हसायचं तसंच, तितक्याच मोठ्यानं.

खांबानं खांद्यावरचा दोर उचलून डोक्यावरून काढला आणि हात उघडले.

पुढचं सगळं एका दमात झालं. त्याच्या बाजूचे तोंडावर आपटले. समोरचे मागे कोसळले, एकावर एक, आणि सगळ्यांच्या तळाशी पोस्टमनची मुलगी. तिचा डावा हात मनगटाशी मोडला. ती डाव्या हातानं लिहिते, डाव्या हातानंच सर्व्हिस मारते.

त्या रात्री सलूनवाल्यानं त्याला घरी पोचवलं, पाणी दिलं, पांघरूण घातलं. "डोक्यात काही ठेवू नकोस," तो म्हणाला. "चूक माझी. मी ओळीतून निघालो, सगळा भार तुझ्यावर आला." खांब भिंतीकडं तोंड करून पडून राहिला. तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोलला.

पुढच्या आठवड्यात खेळाचे सर दळण घेऊन आले. गळ्यात शिट्टी, हातात गव्हाचा डबा. "रस्सीखेच बंद झाली," ते म्हणाले. "समितीनं ठरवलं. कायमची."

"का?"

"का म्हणजे? पोरीनं दोर मनगटाला गुंडाळला होता. वळ बघितला ना सगळ्यांनी. हजारदा सांगतो मी, गुंडाळायचा नाही, गुंडाळायचा नाही. ऐकतंय कोण." त्यांनी डबा तराजूवर ठेवला. "आता पोरं तिच्यावर खार खाऊन आहेत. एवढी जुनी गोष्ट हिच्यापायी गेली म्हणतात. गुंडाळी म्हणतात तिला."

"ती काय म्हणते?"

"काही नाही. कबूलच असेल. कबूल नसतं तर बोलली असती की. जीभ कमी आहे का तिची?"

खांबानं पट्टा चढवला. गिरणी सुरू झाली, आणि त्या आवाजात बोलणं शक्य नव्हतं. त्याला हायसं वाटलं. हायसं वाटल्याचं लक्षात आलं, तेव्हा त्याला स्वतःची किळस आली. सर पीठ घेऊन गेले तरी त्यानं गिरणी बंद केली नाही. जाती रिकामीच घरघरत राहिली.

दुसऱ्या दिवशी कपडे झटकून तो शाळेत गेला. मुख्याध्यापिकांच्या खोलीत खुर्चीच्या काठावर बसला आणि सांगितलं.

"बाई, पोरीनं काही गुंडाळलं नव्हतं. मी दोर सोडला."

"हात सुटला तुमचा."

"सोडला. डोक्यावरून काढला आणि सोडला. समजून उमजून."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चेहरा मऊ झाला. तो चेहरा खांबाला आताशा सगळीकडं दिसत होता. "हे बघा," त्या म्हणाल्या, "माझे वडील गेले तेव्हा माझ्या आईला वाटायचं, आपणच मारलं त्यांना. औषध पाच मिनिटं उशिरा दिलं म्हणून. दुःखात माणूस स्वतःवर काहीही घेतं. तुम्ही इतकी वर्षं त्या जागेवर उभे राहिलात. तुम्ही दोर सोडाल? मी मानणार नाही, आणि गावात कुणी मानणार नाही."

"पण ती पोरगी..."

"तिला आम्ही काही शिक्षा केलेली नाही. पेपराला लेखनिक देऊ. पोरं आहेत, चार दिवस चिडवतील, विसरतील. आता हे उकरू नका. चहा घेणार?"

त्यानं चहा घेतला. तो घेतला याची लाज त्याला नंतर फार दिवस पुरली. बाईंनी मानलं नाही ते त्याच्या पथ्यावरच पडलं होतं. आपण सांगून मोकळे झालो, आता त्यांनी मानलं नाही तर आपण काय करणार, असं मनाशी घोळवत तो घरी आला. घरात भोंग्याची चप्पल दाराशी होती तशीच होती. ती असती तर तिनं एका शब्दात त्याची सालं काढली असती.

शनिवारी दुपारी गिरणी बंद करायच्या वेळेला पोस्टमनची मुलगी आली. एक हात प्लास्टरमध्ये, दुसऱ्या हातानं सायकल ढकलत, मागं कॅरिअरला ज्वारीची पिशवी. खांब पिशवी घ्यायला पुढं झाला तर तिनं ती स्वतःच सोडवली, दातांनी गाठ धरून.

"काका, बारीक दळा. आईनं सांगितलंय."

त्यानं ज्वारी ओतली. गिरणी सुरू केली नाही.

"तू दोर गुंडाळला नव्हतास," तो म्हणाला.

"मला माहितीये."

"मग बोललीस का नाहीस?"

तिनं खांद्यानं नाकावरचं पीठ पुसलं. "तुम्ही समोरच होता ना. मी बघत होते तुमच्याकडं. तुम्ही डोक्यावरून काढलात आणि असं केलंत." तिनं चांगला हात उघडून दाखवला. "आईला सांगितलं मी. ती म्हणाली, गप्प बस, माणूस आधीच खचलाय, त्याच्यावर आणखी कशाला. मग पडताना दोर घासून उठलेला वळ बघून सर म्हणाले गुंडाळला असणार. मी काही बोलले नाही."

खांब पोत्यावर बसला. म्हणजे या पोरीनं, आई सांगते म्हणून का होईना, त्याला पाठीशी घातलं होतं. त्यानं मोडलेला हात गळ्यात अडकवून.

"रडत होता का तुम्ही तेव्हा?" तिनं विचारलं. "मला लांबून नीट दिसलं नाही."

हो म्हणणं अगदी सोपं होतं. ती तेच ऐकायला आल्यासारखी उभी होती. हो म्हटलं असतं तर तिनं पीठ घेतलं असतं आणि निमूट गेली असती.

"नाही," तो म्हणाला. "राग आला होता."

"कुणाचा? आमचा?"

"सगळ्यांचा. हसत होते सगळे. ती नसताना तसंच हसत होते. वाटलं, पडा सगळे."

बाहेर सायकल स्टँडवर कलली आणि पडली. मुलीनं मागं वळून बघितलं नाही.

"माझं सिलेक्शन होतं पुढच्या महिन्यात," ती म्हणाली.

"ऐकलं मी."

"मला गुंडाळी म्हणतात. पाचवीतली पोरं पण."

"मी बाईंना सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही."

"खोलीत सांगितलं असेल तुम्ही," ती म्हणाली. "दार लावून."

तिनं गिरणीकडं मान केली. "दळता ना? आई वाट बघतीये."

त्यानं दळून दिलं, बारीक. पिशवी कॅरिअरला बांधून दिली, तेवढं तिनं बांधू दिलं.

सोमवारी प्रार्थनेला मुलं हॉलमध्ये रांगा करून उभी होती. खांब मागच्या दारानं आत आला आणि रांगांमधून सरळ पुढं चालत गेला. त्याचे बूट पिठानं पांढरे झाले होते, फरशीवर ठसे उमटत गेले. बाई उठल्या, त्याला थांबवायला म्हणून दोन पावलं पुढं आल्या, आणि का कोण जाणे, थांबल्या. सलूनवाला माजी विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी म्हणून बाजूच्या खुर्चीवर बसला होता.

खांबाला भाषण येत नव्हतं. त्यानं वर तुळईकडं बघितलं आणि लगेच नजर खाली आणली.

"पोरीनं दोर गुंडाळला नव्हता," तो म्हणाला. "माझ्या हातून सुटलाही नव्हता. मी सोडला. मला राग आला होता म्हणून सोडला. तिचा हात माझ्यामुळं मोडला. ज्याला काही म्हणायचंय त्यानं मला म्हणावं."

एवढंच. हॉलमध्ये कुणी हललं नाही. पोस्टमनची मुलगी दहावीच्या रांगेत मागं उभी होती, ती जमिनीकडं बघत होती. सलूनवाल्याचा चेहरा त्यानं बघितला नाही. बघायची हिंमत झाली नाही.

पोरांनी त्याचं ऐकलं. दोन दिवसांतच गिरणीसमोरून जाणाऱ्या सायकलवरून हाक आली, "ए सोड्या." पाचवीतलाच कुणीतरी होता. खांब दारात उभा होता, तो आत गेला नाही. गिऱ्हाईक कमी झालं. ज्या बायका आवाज खाली आणून बोलायच्या त्या आता डबा ठेवायच्या आणि भाव विचारायच्या. रस्सीखेचीचं काय करायचं यावर समिती पुन्हा बसली आणि काही न ठरवता उठली. पोस्टमनची बायको मात्र दळणाला येईना. मुलगीच येत राहिली. "बारीक," एवढं म्हणायची.

सलूनमध्ये जायला त्याला पुष्कळ दिवस लागले. केस कानांवर आले तेव्हा गेला. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. सलूनवाल्यानं मानेनंच खुर्ची दाखवली, गळ्याभोवती कापड बांधलं आणि कात्री चालवायला लागला. आरशात दोघंही एकमेकांकडं बघत नव्हते.

"मला वाटलं होतं, तुला बरं वाटेल," शेवटी सलूनवाला म्हणाला. "घरी तालीम केली होती मी. बायको हसत होती माझ्यावर."

खांबानं कापडावर पडलेले केस झटकले.

"एक सांग. माझं जमलं नव्हतं म्हणून तुला राग आला?"

कात्री थांबली होती. खांबानं पहिल्यांदा आरशात त्याच्याकडं बघितलं.

"जमलं होतं," खांब म्हणाला. "हुबेहूब जमलं होतं."

सलूनवाल्यानं त्याचं डोकं हातानं थोडं पुढं झुकवलं आणि मानेवरचे केस कापायला लागला.