मोकळी

गावात मला वकिलीण म्हणतात. मी बारावी पास, सगळ्यांचे अर्ज मीच भरते, आणि तोंडाने फटकळ. त्यामुळे किनारा पुन्हा हिरवा करायची योजना घेऊन सरकारी ऑफिसातल्या मॅडम शाळेत सभेला आल्या, तेव्हा बायकांनी मलाच पुढच्या बाकावर ढकललं. फार ढकलावं लागलं नाही म्हणा.

नवा धक्का बांधताना खाडीच्या तोंडावरची सगळी खारफुटी तोडली होती. तेव्हापासून दर मोठ्या भरतीला काठ ढासळत होता. मॅडम म्हणाल्या, झाडं पुन्हा लावू, पण कुठे लावायची ते तुम्ही सांगायचं. इतक्या वर्षांत आम्हाला कोणी काही विचारलंच नव्हतं. मी हुरळूनच गेले.

त्यांनी टेबलावर नकाशा पसरला, दोन ओहोळांमधल्या करड्या पट्ट्यावर पेन्सिल टेकवली आणि इथे काय आहे असं विचारलं. मी पटकन बोलले, "ती मोकळी."

आमच्याकडे त्या चिखलाचं नावच मोकळी. तिथे कोणी खुंट ठोकत नाही, जाळं लावत नाही, होडी टेकवत नाही. शिंपल्या तिथे वाढतात, आणि बायका ओहोटीला फक्त कडेकडेने वेचतात. माझ्या सासूबाईंचा सगळा जन्म त्या कडेला वाकून गेला. घर त्यावरच चालायचं.

मॅडमनी वहीत लिहिलं, 'रिकामी जागा.' मी समोर बसून उलटं वाचलं आणि गप्प राहिले. चारचौघांत त्यांची चूक काढली तर आगाऊपणा दिसेल असं वाटलं. शिवाय वहीतल्या एका शब्दाने असं काय बिघडणार होतं? एरवी शेजारणीशी बादलीवरून भांडणारी मी, नेमकी तेव्हाच शहाण्यासारखी वागले.

पुढच्या महिन्यात मोकळीवर दोऱ्या ताणल्या गेल्या, तेव्हा त्या शब्दाने काय बिघडलं ते कळलं. पण नकाशा वरून मंजूर होऊन आला होता आणि त्याच्याखाली सभेत घेतलेली पहिली सही माझी होती. हातभर अंतरावर एक रोप, प्रत्येक रोपाला एक काठी. लावणारेही आम्हीच. दुसऱ्या दिवशी सासूबाई काठावर आल्या.

"इथे लावायचं कोणी सांगितलं?"

"ऑफिसने," मी म्हटलं.

त्या पदर खोचून चिखलात उतरल्या. त्यांच्याइतकी सरळ ओळ त्या दिवशी कुणाचीच नव्हती.

ती जागा फार खोल होती. रोपं भरतीत तासन्‌तास बुडून राहायची. खोडांवर समुद्री जीवांची खरखरीत कवचं चढली आणि त्या वजनाने रोपं आडवी झाली. काठ्यांमुळे गाळ अडून साचत गेला आणि खाली शिंपल्या गुदमरल्या. दुसऱ्या वर्षी चिखलात हात घातला की नुसता कुजका वास यायचा. सगळ्या गावाने ऑफिसला शिव्या घातल्या, त्यात माझा आवाज सगळ्यात मोठा. मॅडम येऊन पाहून गेल्या, त्यांनाही वाईट वाटलं, मग त्यांची बदली झाली. काठ ढासळायचा तो ढासळतच राहिला.

परवा ओहोटीला सासूबाई एकट्याच काठ्या उपटत होत्या. मी मदतीला गेले. दहा-बारा काठ्या झाल्यावर मला राहवेना.

"आई, ऑफिसने नाही. ही जागा मी सांगितली होती."

"ठाऊक आहे. सभेत तुझ्या मागे शिंपीण बसली होती, तिने त्याच संध्याकाळी सांगितलं मला."

"मग तुम्ही लावलीत कशाला?"

त्यांनी मान वर केली नाही. "तू शिकलेली. म्हटलं, मला दिसत नाही ते हिला दिसलं असेल."

त्यांनी मला फाडून खाल्लं असतं तर मी उलट बोलले असते, ते मला जमतं. त्यांनी पुढची काठी धरली, मी त्यांच्या शेजारची. उपटून आता काही परत येणार नाही, हे दोघींनाही कळत होतं.