झोपलेला अंगठा

माझे झाकण आता नीट बसत नाही. आतली गादी सुकून कडक झाली आहे. मित्रांनो, मी अंगठ्याच्या शाईची जुनी पत्र्याची डबी आहे. माझी गोष्ट गोड नाही, पण ऐका.

बहात्तरच्या दुष्काळात मी तहसीलमध्ये होते. खडी फोडणारी माणसे रांगेने येत. त्यांच्या अंगठ्यांवरच्या रेषा झिजून गेल्या होत्या, कागदावर नुसता निळा डाग उमटे. तरी प्रत्येक जण अंगठा स्वतःच दाबी, घट्ट. "हिच्याबिगर सरकार चालंना," असे कारकून म्हणे आणि मी फुगून जाई.

पुढे लातूर जिल्हा झाला. नवी कार्यालये आली, नव्या डब्या आल्या. मला एका दवाखान्यात धाडले. तिथे ऑपरेशनआधी संमतीच्या कागदावर अंगठा घेत.

एका उन्हाळ्यात मुरुडहून मल्लम्मा आली, पोटात गाठ घेऊन. सोबत नवरा गुरुपादप्पा. ती लिंगायत. गळ्यात इष्टलिंग, दीक्षेपासून कधी अंगावेगळे न झालेले. डॉक्टर म्हणाले, ते काढा.

"न्हाई डाक्टरसाहेब. लिंग अंगावेगळं झालं की मी मेलेच समजा. मुठीत धरून झोपू द्या."

सिंधुताई नर्स म्हणाल्या, "साहेब, औषधानं धुऊन मुठीतच पट्टीनं बांधू. रोज तळहातावर घेऊनच तर पूजा करतात त्या."

"ही ऑपरेशनची खोली आहे, देवघर नाही."

डॉक्टर वाईट नव्हते. त्यांना तिला वाचवायचे होते, आणि गाठ वाढत होती. दुखणे थांबवायचे इंजेक्शन आहे असे सांगून त्यांनी तिला झोपवले. लिंग काढून ट्रेमध्ये ठेवले. मग दवाखान्याच्या कारकुनाने संमतीच्या कागदासाठी तिचा हात उचलून माझ्यावर दाबला. अंगठा सैल होता, जड होता. असा अंगठा मला पहिल्यांदाच लागला. मी शाई दिली. मला अजून त्याची लाज वाटते.

ऑपरेशन उत्तम झाले. ट्रेमधले लिंग मात्र रक्ताच्या कापसाबरोबर फेकले गेले. शुद्धीवर येताच मल्लम्माने गळा चाचपला. मग तिचे हाताकडे लक्ष गेले.

"ह्यो अंगठा कुनी निळा केला?"

गुरुपादप्पा रडत म्हणाला, "स्वामींना बोलावतो गं. दुसरं लिंग बांधू."

"दुसरं बांधाल. पर मला इचारलं का कुनी?"

त्यानंतर तिने तोंड मिटले ते मिटलेच. पाण्याचा थेंब घेतला नाही. सलाईनची सुई उपसून टाकी. पाचव्या दिवशी ती गेली. कागदावर 'ऑपरेशन यशस्वी' असे लिहिलेले राहिले. मुरुडला तिला पुरण्याआधी आंघोळ घातली, तरी अंगठ्याचा निळा डाग गेला नव्हता, असे सिंधुताई सांगत होत्या.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी डॉक्टर होईल. त्याच्याकडे माझे एवढेच मागणे आहे. माणूस जागा असताना त्याला विचारा. तो नाही म्हणाला तर थांबा, दुसरा रस्ता शोधा. सिंधुताईंना तो सापडला होता.