गॅस बंदच हाय

नियम सरकारने केला होता आणि चांगला केला होता. घरगुती गॅसचं जुनं मीटर काढून नवं बसवलं की घरातलं मोठं माणूस हजर असल्याशिवाय गॅस सोडायचा नाही. आधी शेगडीची बटनं स्वतःच्या डोळ्यांनी बघायची, मगच व्हॉल्व्ह उघडायचा. घराला कुलूप असेल तर गॅस न सोडता पुढे जायचं. पण कंत्राटदाराचा सुपरवायझर कुलदीप याला काम उरकायची भारी घाई. "फोनवर इचार ना बे, बंद हाय म्हनले का सोड," असं तो मीटर बसवणाऱ्या देवानंदला म्हणाला आणि आदिलाबादजवळच्या मावला गावातल्या एका गल्लीत देवानंदनेही तसंच केलं. नव्या नोकरीत शहाणपणा कोण दाखवतो?

चंद्रभागाबाईंच्या दाराला कुलूप होतं. बाई आदिलाबादच्या बाजारात भाजी विकायला गेल्या होत्या. देवानंदने फोन लावला. "काकू, गॅस बंद हाय ना?"

"बंदच हाय बापा, सकाळपासून!" गिऱ्हाइकांच्या गलक्यातून बाई वैतागून ओरडल्या.

त्याने बाहेरच्या भिंतीवरचा व्हॉल्व्ह उघडला आणि पुढचं घर गाठलं.

दुपार कलली तेव्हा तो गल्लीच्या टोकाला नीलिमाच्या घरी पोचला. ती घरीच होती आणि चिडलेली होती. "कवाचा गॅस बंद हाय आमचा. चाहा बी नाही भेटला," ती म्हणाली. देवानंद शेगडीपाशी गेला. दोन्ही बटनं पूर्ण उघडी होती.

"ताई, हे तर चालू हायेत."

"मंग? गॅसच येऊन नाही राह्यला, म्हंजे बंदच ना!"

बंद म्हणजे बटन बंद, असं देवानंद धरून चालला होता. आणि सकाळी त्यानेच घरोघरचे व्हॉल्व्ह आवळल्यापासून अख्खी गल्ली बंद म्हणत होती ते गॅस येत नाही म्हणून! तो धावत सुटला.

चंद्रभागाबाईंचा व्हॉल्व्ह त्याने आधी आवळला. दाराच्या फटीतून उग्र वास येत होता. घर रिकामं आहे, एवढ्या एका गोष्टीवर तो धीर धरून होता. रस्त्यापलीकडे जाऊन त्याने बाईंना फोन केला.

"काकू, सकाळी शेगडीचं बटन फिरवून गेल्ता का तुमी?"

"नाही बा. सैपाक अर्धा अन् गॅस गेला. तसंच टाकून आली. काऊन?"

"घरात गॅस भरला. किल्ली घेऊन लवकर या."

"अरे देवा! आंत मामाजी हायेत! नजर चुकवून हायवेकडं जातेत म्हनून कुलूप लावते मी. अन् उठले का पयले बिडी पेटवतेत!"

देवानंद खिडकीकडे धावला. आत खाटेवर चंपतराव, बाईंचे सासरे, गाढ झोपले होते. वारा आत जावा म्हणून त्याने हाताला रुमाल गुंडाळून काच फोडली. काच खळ्ळकन पडली आणि म्हातारा उठून बसला. व्हायचं तेच झालं. त्याचा हात उशीखाली गेला.

"बाबा, काडी लावू नका! गॅस हाय!"

म्हाताऱ्याला ऐकू कमी. "कायचा वास येऊन राह्यला?" म्हणत त्याने बिडी ओठात धरली आणि आगपेटी उघडली. देवानंद गजांतून हातवारे करू लागला. म्हाताऱ्याने काडी काढली. देवानंदला काय सुचलं कोण जाणे, त्याने दोन बोटं ओठांना लावली आणि हात पसरला. मलाही द्या!

म्हातारा खुलला. पाव्हणा बिडी मागतोय म्हटल्यावर नाही कसं म्हणावं? उठून खिडकीशी आला, पण पाव्हण्याला पेटवूनच द्यावी म्हणून काडी पेटीवर टेकवली.

देवानंदने झटकन दोन्ही कान पकडले, मान खाली घातली. तुमच्यासमोर कसा ओढू?

चंपतरावांचा हात थांबला. त्यांनी त्याला खालून वर न्याहाळलं आणि बोळकं पसरून हसले. "लाजतं व्हय रे? चांगल्या घरचं दिसतं. घे, तिकडं जाऊन ओढ." बिडी आणि आगपेटी गजांतून बाहेर आली. देवानंदने दोन्ही खिशात कोंबलं.

चंद्रभागाबाई ऑटोने आल्या. कुलूप निघालं, सासऱ्यांना बाहेर बसवलं, दारं-खिडक्या उघडल्या. विजेच्या बटनाला देवानंदने कोणाला हात लावू दिला नाही. "माहीच चुकी," बाई रडत म्हणाल्या, "मीच बंद हाय म्हनलं."

त्याने फोनवर सारं सांगितलं तेव्हा कुलदीपही तेच म्हणाला. "बाईची चूक हाय म्हन, अन् पुढचं घर घे."

"बाई खरंच बोलली. मीच पाह्यलं नाही. अख्ख्या गल्लीचा गॅस बंद करून राह्यलो मी."

"लाईन बंद केली तर उद्या कामावर येऊ नको."

देवानंद गल्लीच्या तोंडाशी गेला आणि मोठा व्हॉल्व्ह फिरवला. मग फोनवर विचारून गॅस सोडलेलं एकेक कुलूपबंद घर हुंगत निघाला. दोन घरं बरी निघाली. तिसऱ्या दाराच्या फटीशी नाक नेलं तर तोच उग्र वास.

सकाळी लागलेला घरच्यांचा फोन आता लागेना, आणि ते कुठे गेले, कधी येतील, शेजारी कोणाला ठाऊक नव्हतं. आल्या आल्या कोणीतरी दिवा लावणार. देवानंद त्या दाराला पाठ लावून बसला आणि घरचे येईपर्यंत उठला नाही.