गिअर टाकलास का?

"ह्यांना ऐकू येत नाही, ते मुलांना कळू देऊ नकोस," सासूबाई शेवटच्या आजारपणात मला म्हणाल्या होत्या. "बायकोला कळलं, सुनेला कळलं, चालतं. मुलांना नको." मी हसण्यावारी नेलं. "आई, आजकाल यंत्र मिळतं कानाचं. लाज कसली?" त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

त्या गेल्यावर मी परत कामावर जाऊ लागले, तेव्हा माझी तान्ही मुलगी सासऱ्यांजवळ, बाबांजवळ राहायची. एका दुपारी घरी आले तर ती पाळण्यात रडून रडून आवाज बसलेली, आणि बाबा तिच्याकडे पाठ करून खुर्चीत, शांतपणे एक जुना व्हॉल्व्ह घासत बसलेले. मी धावत जाऊन तिला उचललं. बाबा वळले, तिला पाहिलं, आणि खुर्चीतून उतरून जमिनीवरच बसले.

मी नवऱ्याला सांगितलं. यंत्र आणू या, एवढंच म्हणायचं होतं.

"यंत्र कशाला?" तो म्हणाला. "आधी परीक्षा तर होऊ दे म्हाताऱ्याची."

धक्क्यावर बोटींची इंजिनं दुरुस्त करायचं आमचं वर्कशॉप आहे. बाबांनी उभं केलेलं, आता नवरा आणि धाकटा दीर चालवतात. तिथे एक शिडाची बोट आली होती. शिडं उतरवून डिझेलवर धक्क्याला यायला लागली की खालून ठकठक ऐकू येते, अशी मालकाची तक्रार. दोष नवऱ्याला आधीच सापडला होता: इंजिनला पंख्याचा शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगचे बोल्ट ढिले. गिअर टाकला की ठोके, काढला की इंजिन गरीब गाय. बोल्ट त्याने मुद्दाम तसेच ठेवले.

बाबांसमोर उभं राहून, ओठ मोठे हलवत तो म्हणाला, "आवाज शोधलात तर नात तुमच्याकडे. नाही तर तुमची सोय गोदामावरच्या खोलीत."

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. मुलीला कडेवर घेऊन मीही बोटीवर चढले. त्यांनी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनला टेकवलं आणि मूठ कानाला न लावता दातांत धरली. "कान गेले तरी कवटी शाबूत आहे," ते मला डोळा मारून म्हणाले. दीर खुसखुसला, "दातांनी ऐकतायत! पुढच्या वेळी इंजिन चावूनच बघा, बाबा!"

या कामाचा एक नियम आहे. खालच्याने डोकं इंजिनच्या खोबणीत घालायचं, वरच्याने गिअरचा दांडा सांभाळायचा. खालचा विचारेल ते वरच्याने खरं सांगायचं. खालच्याला दांडा दिसत नसतो. हा नियम दोन्ही मुलांना बाबांनीच शिकवलेला.

"गिअर टाकलास का?" बाबांनी मान वर करून विचारलं.

"टाकला, टाकला." नवऱ्याने ठासून मान हलवली.

दांडा सरळ उभा होता. त्याने हातही लावला नव्हता.

बाबा परत खाली वाकले. टोक पंपावर, मग हेडवर, मग इंजिनच्या पायांवर. डोळे मिटलेले.

"बाबा, टाकलेला नाही!" मी म्हणाले. मग ओरडले, "बाबा! गिअर टाकलेला नाही!"

मुलगी दचकून रडायला लागली. बाबांची पाठ हललीसुद्धा नाही.

"अजून जोरात," नवरा म्हणाला. "ओरड की. झाली परीक्षा? तूच घेतलीस."

मी त्यांच्या खांद्याला हात लावायला पुढे झाले, तर दीर वाटेत उभा राहिला. "वहिनी, बाळ सांभाळा. पाण्यात पडेल."

बाबा वर आले. "इंजिनात काही नाही. घड्याळासारखं चाललंय."

त्याच क्षणी नवऱ्याने दांडा पुढे ढकलला. ठक, ठक, ठक. शेजारच्या बोटीवरची माणसंसुद्धा वळून बघायला लागली.

"हे ऐकू येत नाही तुम्हाला?"

बाबांनी बोटीच्या लाकडावर तळवा टेकला. बराच वेळ. "कपलिंग," ते म्हणाले. "पण तू आत्ता टाकलास."

"केव्हाचा टाकलाय. विचारा तुमच्या सुनेला."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी एकेक शब्द सावकाश म्हटला. "नाही बाबा. त्याने आत्ता टाकला."

त्यांना कळलं. मला शंका नाही. ते थोरल्याकडे बघत राहिले, मग धाकट्याकडे. दोघांपैकी कोणी मान खाली घातली नाही.

"गिअरमध्येच होतं," बाबा शेवटी म्हणाले. "मला नाही ऐकू आलं."

आणि शर्टाला पुसून त्यांनी स्क्रू ड्रायव्हर थोरल्याच्या हातात दिला.

आता ते धक्क्यामागच्या जुन्या शिडांच्या गोदामावर राहतात. डबेवाला दार वाजवून डबा ठेवून जातो. तो डबा कधीकधी दुसऱ्या दिवशीही तसाच दारात असतो म्हणे. मी जाऊ शकत नाही. गेले की नवरा मुलीला घेऊन धक्क्यावरच्या एका बोटीवर बसतो आणि मी परत येईपर्यंत उतरत नाही. ती आता धावायला लागली आहे, आणि त्या बोटीला कठडा नाही.

तुम्ही त्या बाजूला असाल तर एकदा वर जा. कडी वाजवत बसू नका, दार नुसतं लोटलेलं असतं. समोर जाऊन उभे राहा, त्यांना तुमचं तोंड दिसेल असे. जेवलेत का, तेवढं विचारा.