ओयुनची जागा

मार्चअखेर अमेरिकेतल्या नेब्रास्कात माळरानं जाळायला घेतली, की ओयुनचिमेगला डेल ह्रुस्का हटकून आठवतो. आता विभागप्रमुख तीच आहे. तेव्हा डेल होता.

तिला विद्यापीठात गवताचं शास्त्र शिकवायला लागून दुसरं वर्ष चालू होतं. तिच्या कायम वास्तव्याचा अर्ज विद्यापीठानेच करायचा होता. या जागेसाठी आलेल्या सगळ्यांत हीच सरस होती, असं दाखवून तो निवडीपासून दीड वर्षाच्या आत द्यावा लागे. कार्यालयात कुणाच्या तरी हयगयीने मुदत टळली.

"आता काय करायचं?" तिने विचारलं.

डेलने टोपी काढून डोकं खाजवलं. "जागा पुन्हा जाहीर करायची. नवी निवड, नवी मुदत. कुणीही अर्ज करेल. तूही कर."

"माझ्याच जागेसाठी?"

"तुझ्याच. आणि तुझं-माझं जमतं एवढ्यावरून मी तुला मत देणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो."

रविवारी मंगोलियाहून आईचा फोन आला. "म्हणजे काढलं का तुला?"

"नाही आई, शिकवतेय की."

"मग जागा रिकामी कुठंय?"

"रिकामी नाहीच."

"तुमच्यात कुणी शहाणं माणूस नाही का गं?"

फोनवर आईच्या मागे घोडी खिंकाळली. ओयुन तेच ऐकत राहिली. कामाची परवानगी होती, पण पासपोर्टवरचा व्हिसा संपला होता. देशाबाहेर गेलीस तर परत येणं कठीण, असं वकिलाने बजावलं होतं. सलग दोन उन्हाळे ती घरी गेली नव्हती.

अर्ज आले. त्यांत वेड केसलर होता, डेलचा जुना विद्यार्थी, त्याच्या शेजारच्या शेतावर वाढलेला. मुलाखतीच्या दिवशी तो व्हरांड्यात तिच्याजवळ आला.

"जागा तुमची आहे, हे मला आज कळलं."

"आधी कळलं असतं तर?"

"तरी केला असता अर्ज," तो ओशाळून म्हणाला. "बायकोला माहेर सोडायचं नाहीये."

तिला त्याचा राग आला नाही.

मुलाखतीत प्रत्येकाने वर्गात एक धडा शिकवून दाखवायचा होता. ओयुनने निवड समितीला आणि विद्यार्थ्यांना गाड्यांत घालून आदल्या आठवड्यात जाळलेल्या माळावर नेलं. तिथे गुडघे टेकून तिने काळ्या राखेखालची माती उकरली आणि पांढरे जिवंत कोंब दाखवले. "पहिल्या वर्षी मी इथे भीतीने रडले होते," ती म्हणाली. "मी वाढले तिथे माळ पेटला की माणसं जनावरं घेऊन पळतात. तुम्ही तर हाताने काडी लावता."

डेलने विचारलं, "तुझ्या गावी मी काडी लावली तर?"

"गुराखी तुम्हाला हाकलून देतील, आणि त्यांचं बरोबरच असेल. तिथे पाऊस इतका तुटपुंजा, की गवत सावरायला कित्येक वर्षं जातील. इथलं गवत आगीने जगतं, तिथलं चरण्याने."

मग ती बोलतच राहिली. वारा सुटला, सगळ्यांची तोंडं काळी झाली, पण गाडीत जाऊन कुणी बसलं नाही.

समितीने तिलाच निवडलं. डेलने स्वतः येऊन सांगितलं, आणि मग तो वेडला फोन करायला गेला. तो फोन बराच लांबला.

कायम वास्तव्याचं कार्ड आलं तोवर डेल निवृत्त झाला होता. ती त्याच्या शेतावर गेली. त्याची बायको आर्लिन हिने खसखस भरलेले गोड पाव, कोलाचे, पुढे ठेवले. डेलने कार्ड उजेडात धरलं. "फोटो वाईट आलाय," तो म्हणाला. मग कार्ड परत देत हळूच म्हणाला, "आईला भेटून ये आता."

त्या उन्हाळ्यात ती गेली. तंबूबाहेर आईशेजारी बसून खारट दुधाचा चहा पिताना तिने सगळं सांगितलं: डेल, वेड, राखेतले कोंब. सांगता सांगता सावल्या लांबल्या.

"तू तिथलं बोलताना 'आपल्याकडे' म्हणतेस," आई म्हणाली.

ओयुन चपापली. "कधी म्हटलं?"

"मघापासून." आईच्या आवाजात तक्रार नव्हती. तिने ओयुनचा वाडगा पुन्हा भरला. "म्हण. पण दरवर्षी येत जा."