फ्रिजच्या दारावरचा चुगलखोर

मित्रांनो, मी एक जुना थर्मामीटर आहे. लगेच जीभ वर करू नका, मी तुमचा ताप मोजणारा नव्हे! मी औषधांच्या दुकानात फ्रिजच्या दारावर चिकटून बसतो आणि माझी लांब तार आत खोक्यांमध्ये लोळत असते. दोन अंशांच्या खाली किंवा आठाच्या वर गेलं की आतली औषधं बिघडू शकतात. पारा कुठवर चढला, कुठवर उतरला, हे मी नीट लक्षात ठेवतो.

कारखान्यात माझी तार बर्फाच्या पाण्यात बुडवली होती. मी बरोबर शून्य दाखवलं, तेव्हा कुठे मला पास केलं. खोटं बोलायला मला कुणी शिकवलंच नाही.

दुकान सासरे आणि सून मिळून चालवतात. सून औषधांचं शिकून आलेली; तिनेच मला आणलं. आली की आधी माझ्याकडे बघायची, मग चहा. सासऱ्यांना मात्र मी डोळ्यांसमोर नकोसा. "हाताला गार लागलं की झालं," असं म्हणत त्यांनी दुकान चालवलेलं. ते मला चुगलखोर म्हणत. माझ्या अंगावर एक बटण आहे. ते दाबलं की मी लक्षात ठेवलेलं सगळं पुसलं जातं. सासरे सकाळी न वाचताच ते दाबून मोकळे होत. मला फार वाईट वाटे.

मग एका उन्हाळ्यात उकाड्याने कहर केला. दुकान बंद करताना सासऱ्यांनी काळजीपोटी फ्रिजची कळ पार शेवटपर्यंत फिरवली. जास्त गार म्हणजे जास्त चांगलं, असा त्यांचा हिशोब. इन्सुलिनच्या बाटल्या गोठून गेल्या. सकाळी त्यांनी कळ जागेवर आणली आणि गिऱ्हाइकांच्या झुंबडीत मला पुसायचं राहून गेलं. दुपारपर्यंत बाटल्या वितळून पुन्हा निर्मळ दिसू लागल्या.

दुपारी बस चालवणारे दादा आले. त्यांच्या लेकीला रोज इन्सुलिन घ्यावं लागतं आणि घरातली बाटली संपली होती. सासऱ्यांनी बाटली त्यांच्या हातात दिली. तेवढ्यात सकाळपासून बाहेरच्या कामाला गेलेली सून आली आणि तिची नजर माझ्यावर गेली. रात्रीचा सगळ्यात खालचा आकडा म्हणून मी उणे तीन दाखवत होतो.

"बाबा, ती बाटली नेऊ देऊ नका. हे गोठलं होतं."

"अगं, बघ तरी! काचेसारखं स्वच्छ आहे."

"दिसायला तसंच राहतं, पण भरवसा उरत नाही. पोरीची साखर उतरलीच नाही तर?"

"म्हणजे अख्खा फ्रिज फेकायचा? हळू बोल, गिऱ्हाईक ऐकतंय. हा चुगलखोरच बिघडलाय!"

सासऱ्यांचं बोट माझ्या बटणावर आलं. मित्रांनो, माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं. एकदा दाबलं की पुरावा संपला. पलीकडे दादा दोघांच्या तोंडाकडे बघत उभे होते.

"काका, काही गडबड आहे का? पोरगी शाळेतून येईल आता."

सासऱ्यांनी बोट मागे घेतलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

"दादा, बाटली परत द्या," ते म्हणाले. "चूक माझी आहे. काल मीच कळ जास्त फिरवली. सूनबाई, तू स्कूटर काढ, मी चार दुकानांत फोन लावतो."

सून बर्फाच्या पिशवीशेजारी कापडात गुंडाळलेली ताजी बाटली घेऊन आली. मुलीला वेळेवर औषध मिळालं. सासऱ्यांनी फ्रिजमधली एकूण एक बाटली स्वतःच्या हाताने बाजूला काढली. त्यांना ते जड गेलं, पण मला त्यांचा अभिमान वाटला.

हल्ली ते चष्मा लावून आधी मला मोठ्याने वाचतात. चुगलखोर अजून म्हणतातच, पण लाडाने. मित्रांनो, तुमच्या घरी असं औषध असेल तर ते बर्फाच्या कप्प्याला चिकटवून ठेवू नका. शंका आली तर दुकानात विचारा, लाजू नका. आणि खरं सांगणाऱ्याचं तोंड बंद करण्याआधी त्याचं ऐकून घ्या.

पुढच्या वेळी बसवाले दादा लेकीलाच घेऊन आले. सासरे ओशाळून म्हणाले, "आमच्याकडून एवढी चूक झाली, तरी इथंच आलात?"

दादा म्हणाले, "काका, चूक कुठेही होईल. पण दिलेली बाटली तुम्ही माझ्या हातातून परत घेतलीत. पोरीचं औषध मी दुसरीकडून कशाला नेऊ?"